विश्लेषण : कपाटातली जुनी ‘फास्ट’ लेन्स फिल्मवर आजही चालेल का?

सांगली, मिरज, कराड, साताऱ्यात जुन्या घराची आवराआवर निघाली की माळ्यावरून चामड्याच्या कव्हरातला एखादा कॅमेरा हमखास खाली येतो. आखातातून आलेल्या काकांचा याशिका, बंद पडलेल्या स्टुडिओतला रशियन झोर्की, नशीब जोरावर असेल तर जपानी कॅनन किंवा जर्मन लायका. लेन्सच्या पुढच्या कड्यावर १.४, १.५ किंवा १.७ असा आकडा कोरलेला असतो. तो दाखवून विकणारा सांगतो, ‘याच्यावर अंधारातही फोटो येतो.’

हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून न घेता रोल भरला, तर आजच्या भावाने रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून एका फ्रेमला तीस-चाळीस रुपये जातात आणि हाती येतात धुरकट चेहरे. माझ्या हाती तेच आले होते. ते पुढे सांगतोच. आधी त्या आकड्याचा हिशेब.

लेन्स ‘फास्ट’ म्हणजे नेमकं काय?

लेन्सची फोकल लांबी भागिले तिच्या उघड्या छिद्राचा व्यास, हा तो आकडा. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर १.५ लिहिलं असेल तर तिचं छिद्र सुमारे ३३ मिलिमीटर उघडतं. त्याच लांबीची पण ३.५ आकड्याची साधी लेन्स १४ मिलिमीटरवर थांबते. छिद्राच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर पहिली लेन्स जवळजवळ साडेपाच पट उजेड आत घेते. म्हणजे साध्या लेन्सला जिथे सेकंदाचा पाचवा-सहावा भाग शटर उघडं ठेवावं लागेल, तिथे हिला तिसावा भाग पुरतो. सेकंदाच्या पाचव्या भागात हात हलतोच. तिसाव्या भागात सराव असलेल्याचा हलत नाही. ‘फास्ट’ हा शब्द त्यावरून आला. शटर झटकन मिटता येतं म्हणून.

रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजून फोकस करणारा कॅमेरा. आपण लेन्समधून पाहत नाही, वरच्या छोट्या खिडकीतून पाहतो. मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवत त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. आत एसएलआरसारखा वर-खाली होणारा आरसा नाही, त्यामुळे धक्का कमी, आवाजही कमी. मंद उजेडात ही मोठी सोय.

अशा लेन्सची कहाणी १९३२च्या सुमारास जर्मनीत सुरू झाली. झाइसच्या लुडविग बर्टेले यांनी कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी १.५ आकड्याची ‘झोनार’ केली. काचेवरचा परावर्तन रोखणारा थर तेव्हा प्रचारात नव्हता. काच आणि हवा जिथे जिथे भेटतात तिथे उजेड सांडतो, म्हणून त्यांनी सात काचा एकमेकींना चिकटवून तीनच गटांत बसवल्या. युद्धानंतर याच झोनारची रशियन आवृत्ती निघाली, ती ‘ज्युपिटर-३’. जपानी कंपन्यांनीही हाच रस्ता धरला. १९५० मध्ये कोरियन युद्ध टिपायला निघालेला ‘लाइफ’चा डेव्हिड डग्लस डंकन जपानी निक्कोर लेन्स पाहून इतका चाट पडला की त्याने ती आपल्या लायकावर चढवली. वर्षअखेर अमेरिकेत जपानी काचेची चर्चा सुरू झाली होती. पुढे १९६१ मध्ये कॅननने ०.९५ आकड्याची लेन्स विकायला काढली. ती पाहावी, हाताळावी. विकत घेण्याच्या फंदात पडू नये.

कुठली लेन्स कुठल्या कॅमेऱ्यावर बसते?

फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते.

आपल्याकडे बहुधा सापडतो तो याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६ पासून) किंवा कॅनोनेटसारखा कॅमेरा. त्याची १.७ची लेन्स कॅमेऱ्यालाच जोडलेली असते, निघत नाही. इथे जोडीचा प्रश्नच नाही. प्रश्न बॅटरीचा. इलेक्ट्रो ३५ साठी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. ६ व्होल्टची आजची छोटी बॅटरी आणि एक नळीसारखा अडॅप्टर घातला की काम भागतं. बॅटरीशिवाय हा कॅमेरा मुकाट्याने एकाच जलद वेगाने शटर मारत राहतो. बटण दाबलं, आवाज आला, म्हणून चालू आहे असं समजून लोक अंधारात अख्खा रोल काळा करतात.

सुट्या लेन्समध्ये सर्वाधिक आढळतो तो ३९ मिलिमीटरचा आट्याचा, म्हणजे स्क्रूने फिरवून बसवायचा प्रकार. झोर्की, फेड, जुनी लायका, जुनी कॅनन ही सगळी त्याच बिरादरीतली. ती लेन्स एका पातळ कड्याच्या मदतीने नव्या लायका एम प्रकारच्या बॉडीवरही व्यवस्थित बसते, फोकसच्या जोडणीसकट. कॉन्टॅक्स आणि जुन्या निकॉन रेंजफाइंडरची बैठक मात्र वेगळी आहे. ती या आट्यावर येत नाही.

याच ३९ मिलिमीटरच्या आट्याच्या काही लेन्स रशियन झेनिट एसएलआरसाठीही निघाल्या. आटा तोच, पण लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर वेगळं. रेंजफाइंडरमध्ये ते २८.८ मिलिमीटर, झेनिटमध्ये ४५ मिलिमीटरच्या आसपास. झेनिटची लेन्स झोर्कीवर छान फिरून बसते आणि एकही फोटो धड येत नाही. उलट, रेंजफाइंडरची लेन्स एसएलआरवर चढवली तर नाकाजवळची वस्तू तेवढी फोकसमध्ये येते, दूरचं काहीच नाही, कारण मधल्या आरशाला जागा देण्यासाठी एसएलआरची बॉडीच जाड असते. ‘अडॅप्टर टाकला की कुठल्याही कॅमेऱ्यावर चालते’ असं कोणी म्हणालं तर डिजिटल मिररलेसपुरतं ते खरं. आजोबांच्या पेंटॅक्स-निकॉनच्या एसएलआरपुरतं नाही.

ओळखायचं कसं? लेन्सच्या मागच्या बाजूला पाहा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे एक धातूचं गुळगुळीत कडं किंवा जीभ असते, रिंग फिरवली की ती पुढे-मागे होते. कॅमेऱ्यातलं छोटं चाक त्याच कड्यावर टेकतं आणि अंतर ‘वाचतं’. ते कडं नसेल तर ती लेन्स या कॅमेऱ्याची नाही.

गुऱ्हाळात ३६ फ्रेम, कामाच्या किती?

माझ्या मामांचा सांगलीत छोटा स्टुडिओ होता. तो कधीच बंद झाला. मागे उरली एक झोर्की-४ आणि तिच्यावरची ज्युपिटर-३. कराडजवळ ओळखीच्या एका घरचं गुऱ्हाळ होतं. मालक म्हणाले, ‘या एकदा पहाटेचं. पुढल्या साली हितं चुलवाण नसंल.’ ऊस कारखान्याला जातो, गुळव्या मिळत नाही, जाळ घालायला माणूस टिकत नाही. या पट्ट्यात ही रड नवी नाही. हंगाम शेवटचा, म्हणून मी मामांची लेन्स घेऊन निघालो.

पहाटे साडेचारला गुऱ्हाळात उजेड दोनच ठिकाणचा असतो. चुलवाणाच्या तोंडातून येणारा लालभडक जाळ आणि आढ्याला टांगलेला एक दिवा. बाकी सगळी वाफ. काहिलीतला रस उसळत असतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढली जाते, वाळल्या चिपाडाचे भारे आत ढकलले जातात. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. काहील उतरवायची की नाही, याचा निर्णय त्या दोन बोटांत असतो. मला तोच क्षण हवा होता.

मी पहिल्यापासून शेवटापर्यंत लेन्स पूर्ण उघडी, १.५ वर ठेवली. दीड मीटरवरून गुळव्याचा चेहरा, प्रतिमा नीट जुळवून, श्वास रोखून. रोल धुऊन आला तेव्हा ३६ पैकी तीसेक फ्रेममध्ये चेहरा मऊ आणि त्याच्या मागच्या भिंतीवरची खुंटी कशी लख्ख! खुंटीवर टांगलेल्या टॉवेलचा धागान् धागा मोजता येत होता.

असं का झालं? दीड मीटरवर ५० मिलिमीटरची लेन्स १.५ ला उघडी असेल तर नीट दिसणारा पट्टा सारा मिळून सुमारे आठ सेंटीमीटरचा असतो. चार पुढे, चार मागे. एक मीटरवर तो साडेतीन सेंटीमीटर होतो. नाकाचा शेंडा आणि कान एकाच वेळी येत नाहीत. माझा फोकस पंधरा सेंटीमीटर मागे पडत होता. कारण नंतर कळलं. मामांनी कधीतरी लेन्स साफ करायला उघडली असावी आणि आत बसणारा पातळ धातूचा वॉशर परत घातला नसावा. काचांचा संच पाव मिलिमीटरपेक्षाही कमी आत सरकला होता. दूरच्या डोंगराच्या फोटोत, छिद्र लहान करून, हा दोष कधी दिसला नसता. मामांनी बहुतेक तसेच फोटो काढले.

इथे जुन्या जलद लेन्सची खरी गोम आहे. साध्या लेन्सचे दोष तिचं छोटं छिद्रच झाकून टाकतं. मोठं उघडणाऱ्या लेन्सला कॅमेऱ्याशी, रेंजफाइंडरशी, अगदी वॉशरशी जुळवून घ्यावं लागतं. त्यात झोनार घराण्याच्या लेन्सना आणखी एक खोड आहे: छिद्र लहान करत गेलं की फोकसची जागाच किंचित मागे सरकते. म्हणजे १.५ वर अचूक बसवलेली लेन्स २.८ वर थोडी चुकते आणि २.८ वर बसवलेली १.५ वर. रशियन लेन्स लायका किंवा कॅननवर लावली तर दोन्हीकडच्या मापांत मुळातच बारीक फरक असतो, तो वेगळा.

घरच्या घरी तपासणी कशी करायची?

रोल न घालता होते, आणि ती न करता अशा लेन्सवर एकही फ्रेम खर्च करू नये असं माझं आता ठाम मत आहे.

ज्या कॅमेऱ्याची पाठ उघडते (झोर्की-४, फेड-२, कॅनन ७ यांची उघडते, जुन्या लायकांची नाही) त्याच्या आत, फिल्म जिथून सरकते त्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवा. शटर ‘बी’ वर ठेवून केबलने उघडं धरा, लेन्स पूर्ण उघडी. दीड मीटरवर पुस्तकांची तिरकी रांग लावा, प्रत्येक पुस्तक आधीच्यापेक्षा पाच सेंटीमीटर मागे. मधल्या पुस्तकाच्या कण्यावर रेंजफाइंडर जुळवा आणि कागदावरची उलटी प्रतिमा भिंगातून पाहा. मधलंच पुस्तक सर्वांत स्पष्ट असेल तर लेन्स आणि कॅमेरा यांचं जमतं. पुढचं किंवा मागचं असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. वॉशरची जाडी बदलून हे काम होतं. हीच चाचणी एकदा दूरच्या टॉवरवर आणि एकदा एक मीटरवर करा. एका अंतरावर जुळून दुसऱ्यावर चुकत असेल तर दोष रेंजफाइंडरच्या जोडणीत असू शकतो.

झोर्कीबाबत एक पथ्य: आधी फिल्म पुढे ओढायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडते.

बुरशी, धुरकटपणा आणि शटरला पडलेलं भोक

साताऱ्याच्या पश्चिमेकडचा पाऊस आणि कृष्णाकाठची दमट हवा लेन्सला मानवत नाही. चामड्याचं कव्हर तर बुरशीचं माहेरच. लेन्स उघडी करून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर आतल्या वंगणाची वाफ बसलेली. पन्नाशीतल्या लायका ‘समारिट’ आणि काही जुन्या कॅनन लेन्स या पडद्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. वेळेवर साफ केला तर तो जातो. वर्षानुवर्षं राहिला तर काच कायमची खरवडल्यासारखी होते. एखाद-दुसरा ओरखडा मात्र फोटोत दिसत नाही, त्यावरून भाव पाडून घ्यावा.

धुरकट लेन्सने दुपारी काढलेला फोटो खपून जातो. गुऱ्हाळात फ्रेममध्ये जाळ आला की सगळं चित्र पांढुरकं होतं. उजेडाच्या उगमाकडे तोंड करून काम करायचं असेल तर लेन्स आतून स्वच्छ हवीच, वर काळं हूडही हवं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीत ज्यांचे कॅमेरे पाण्याखाली गेले, त्यांना एकच सांगणं: आतला गाळ वाळलेला असेल तर रिंग जोर लावून फिरवू नका. आट्यात बारीक रेती असते, ती धातू खाते. दुरुस्तीचा खर्च बहुतेक वेळा लेन्सच्या किमतीवर जातो. आठवण म्हणून ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता भोकाविषयी. एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये थेट शटरचा रबर लावलेला कापडी पडदा. १.५ ची लेन्स म्हणजे चांगलं दणकट भिंगच. उघडी लेन्स सूर्याकडे तोंड करून गळ्यात लटकत राहिली की पडद्याला टाचणीएवढं भोक पडतं आणि पुढच्या सगळ्या फ्रेमवर पांढरा ठिपका येतो. कासच्या पठारावर, सज्जनगडाच्या पायऱ्यांवर फिरताना लेन्सला टोपी हवी. पण खिडकीतून पाहताना टोपी लावलेली आहे हे कळत नाही, हीही या कॅमेऱ्याची जुनी थट्टा आहे. मी टोपीला लाल दोरा बांधला आहे; तो खिडकीत लोंबताना दिसतो.

तसंही कासच्या उन्हात या लेन्सचं मोठं छिद्र निरुपयोगी. ४००ची फिल्म भर उन्हात १.५ वर वापरायची तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी पट जलद शटर लागेल, आणि जुन्या कॅमेऱ्यांची धाव हजारावरच संपते. तिथे आठ किंवा अकरावर लावा आणि फुलं बघा.

दुसऱ्या खेपेला काय बदललं?

लेन्स पुण्यात एका जुन्या कारागिराकडे देऊन वॉशर बसवून घेतला. मग सरळ गुऱ्हाळात न जाता सरावासाठी मिरजेला गेलो.

मिरजेच्या सतारमेकरांची कार्यशाळा ही अशा लेन्सची शाळाच आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी इथे तंतुवाद्यांचा धंदा उभा केला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उजेड येतो तो बहुतेक दारातून, एका बाजूने. भिंतीला भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, आणि जवारी लावणारा माणूस कान लावून बसलेला. जवारी लावताना खोलीत बोललेलंही खपत नाही, तिथे एसएलआरचा खाडकन् आवाज कोण ऐकून घेणार? रेंजफाइंडरचा कापडी पडदा खूपच सौम्य वाजतो, याशिकासारख्या कॅमेऱ्याचा तर जवळजवळ ऐकूच येत नाही. पण आधी विचारून घ्यावं. कॅमेरा वाजत नाही म्हणून परवानगी नको, असं होत नाही.

तिथे कळलं की लेन्स सतत पूर्ण उघडी ठेवणं हा नवशिक्याचा हट्ट आहे. दारातला उजेड ४००च्या फिल्मला २ किंवा २.८ वर पुरेसा असतो. दोन मीटरवरून १.५ ठेवला तर चौदा-पंधरा सेंटीमीटरचाच पट्टा स्पष्ट. जवळजवळ चार फुटांच्या सतारीचा एक तुकडा आणि कारागिराची बोटं, बाकी सगळं विरघळलेलं. २.८ वर तो पट्टा पाऊण फुटाच्या पुढे जातो. मग बोटं, घोडी आणि कारागिराचा चेहराही सापडतो. चित्र देखणं करायचं की कामाची माहिती देणारं, हा निवाडा त्या रिंगवर होतो.

रेंजफाइंडरचा चौकोन अंधारात फिका पडतो. अशा वेळी जुळवायला उभी, ठळक रेघ शोधावी: सतारीची दांडी, दाराची चौकट, फेट्याची कड, चष्म्याची काडी. आडवी रेघ उपयोगाची नाही, कारण प्रतिमा आडव्या दिशेने सरकते.

मोजमाप फोनने करता येतं. लाइट मीटरचं साधं अ‍ॅप पुरतं. फक्त फोन जाळाकडे धरू नका. मीटरला वाटतं भरपूर उजेड आहे आणि चेहरे काळे येतात. आपला तळहात त्याच उजेडात धरून तो मोजावा आणि एक स्टॉप जास्त उजेड द्यावा.

गुऱ्हाळात दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ४००ची कृष्णधवल फिल्म १६०० धरून वापरली आणि धुणाऱ्याला दोन स्टॉप पुश करायला सांगितलं. दाणे वाढतात, काळा भाग जास्त काळा होतो; वाफेत ते शोभतं. जाळाजवळ लेन्स २ वर, शटर सेकंदाचा साठावा भाग. काहिलीपलीकडे १.५ आणि तिसावा. पाठ खांबाला टेकवलेली. मुख्य म्हणजे चेहऱ्यामागे धावलो नाही. गुळव्या पाणी ठेवतो त्या भांड्याच्या कडेवर आधीच फोकस लावून ठेवला आणि हात तिथे यायची वाट पाहिली. ३६ पैकी ११ फ्रेम चांगल्या आल्या. दोन बोटांचा फोटो त्यांत आहे.

(इलेक्ट्रो ३५ वाल्यांनी हे पुश करण्याचं गणित सांभाळून करावं. नंतरच्या जीएसएन मॉडेलवरही फिल्मचा वेग १००० पर्यंतच लावता येतो, त्यापुढचा आकडा डायलवर नाही.)

फोन असताना हा खटाटोप कशाला?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर अंधारात फोन जिंकतो. आजचा फोन क्षणात अनेक फोटो काढून एकत्र करतो आणि गुऱ्हाळाचा स्वच्छ, रंगीत फोटो हातात देतो. यात्रेतल्या तमाशाचे फडही आता एलईडीने लखलखतात, तिथे १.५ची गरजच उरलेली नाही. उलट विजेवरचे हे दिवे डोळ्यांना न कळता लुकलुकतात, फिल्मवर जलद शटरला पट्टे उमटू शकतात. तिसाव्या भागाच्या वर जाऊ नये. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीत होणाऱ्या मैफली किंवा औंधचा संगीत महोत्सव अशा ठिकाणी, जिथे फ्लॅश शोभत नाही आणि आवाजही नको, तिथे जुना कॅमेरा अजून आपली जागा राखून आहे.

थोडा हललेला, दाणेदार फोटो वायाच गेला असंही नसतं. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकाशी पंडित नेहरू गांधीजींच्या मृत्यूची बातमी सांगत होते. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी रेंजफाइंडरवर टिपलेला तो फोटो धूसर आहे. त्या रात्रीचा उजेडही तेवढाच होता.

गुऱ्हाळाच्या मालकांच्या मुलाकडे आधीच्या हंगामांचे फोनवरचे शेकडो फोटो होते. फोन बिघडला, ते गेले. पण म्हणून निगेटिव्ह अमर असतं असंही मी म्हणणार नाही. सांगलीत पुराच्या पाण्यात स्टुडिओंतली निगेटिव्हची खोकी लगद्यासारखी बाहेर आलेली लोकांनी पाहिली आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल वापरून मामांनी काढलेली कितीतरी लग्नं त्यातच गेली.

रोल धुवायला मी पुण्याला पाठवतो. एप्रिल-मे मध्ये कुरिअरच्या गाडीत तापू नये म्हणून वापरलेला रोल डबीत घालून, वर कागद गुंडाळून, सोमवारी टाकतो. शनिवारी टाकलेला रविवारभर गोदामात पडून राहतो. पुश केला असेल तर डबीवरच ठळक लिहितो, चिठ्ठी हरवते. लेन्स हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवली आहे, चामड्याचं कव्हर बाहेर. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी डबा उघडून जेलचा रंग पाहतो.

गुऱ्हाळाची जागा आता मोकळी आहे. चुलवाणाच्या विटा बांधाला लागल्या. दोन बोटांच्या फोटोची प्रिंट मालकांनी देवघराशेजारी लावली आहे. निगेटिव्हची पट्टी कराडला, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात वरच्या फळीवर आहे.